गरोदर आणि पाजत्या आईने फ्लू, कोविड, आरएसव्हीपासून कसं जपावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला ताप-खोकला झाला की घरातून दोन सल्ले हमखास मिळतात. पोटुशी असेल तर ‘कुठलंही औषध घेऊ नकोस’, आणि बाळंतीण असेल तर ‘बाळाला जवळ घेऊ नकोस’. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही बहुतेक वेळा चुकीचे असतात. खालचे प्रश्न त्याच भीतीतून येतात, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. तुमची तब्येत तपासून तुमचे डॉक्टर जे सांगतील ते अर्थातच या पानाच्या वर.

गरोदरपणात साधा फ्लूसुद्धा जास्त का लागतो?

कारण शरीर आधीच दुप्पट कामाला जुंपलेलं असतं. वाढणारं गर्भाशय छातीखालच्या पडद्याला वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती दिवस भरत येईपर्यंत सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. त्याच वेळी शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण २० टक्क्यांनी वाढलेली असते, आणि हृदय नेहमीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त फिरवत असतं. म्हणजे गरज जास्त आणि साठा कमी. फुप्फुसाला थोडी सूज आली तरी हा हिशोब लवकर बिघडतो.

प्रतिकारशक्ती ‘कमी’ होते असं सरसकट म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. ती बदलते. बाळ अर्धं वडिलांकडून आलेलं असतं, त्याला परकं समजून शरीराने हल्ला करू नये म्हणून काही पेशी सबुरीने वागतात. विषाणूंच्या काही प्रकारांना या सबुरीचा फायदा होतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९१८ च्या साथीत गरोदर स्त्रिया मोठ्या संख्येने दगावल्या. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत लोकसंख्येत गरोदर स्त्रिया जेमतेम १ टक्का होत्या, पण मृतांमध्ये त्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. कोविडमध्येही लक्षणं असलेल्या गरोदर स्त्रियांना त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा अतिदक्षता विभागाची आणि व्हेंटिलेटरची गरज जास्त पडली. बहुतेक जणी घरीच बऱ्या होतात हेही खरंच आहे. पण ज्यांची तब्येत बिघडते, त्यांची फार झपाट्याने बिघडते.

कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त जपावं?

फ्लू आणि कोविड दोन्हींचा जोर सहाव्या-सातव्या महिन्यापासून पुढे जास्त जाणवतो. प्रसूती झाली की धोका त्याच दिवशी संपत नाही, पहिले दोन आठवडे तरी बाळंतिणीला जोखमीच्या गटातच धरतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, जास्त वजन, पस्तिशीच्या पुढचं वय यांपैकी काही असेल तर आणखी सांभाळायला हवं. पहिल्या तीन महिन्यांत काळजी असते ती मुख्यतः तीव्र तापाची. त्या काळात चढलेला आणि उतरवलाच न गेलेला ताप आणि बाळाच्या मेंदू-मणक्यातले जन्मजात दोष यांचा संबंध दिसून आला आहे. म्हणून ताप अंगावर काढायचा नाही.

मला झालं तर पोटातल्या बाळालाही होतं का?

सहसा नाही. फ्लूचा विषाणू वार ओलांडून बाळापर्यंत क्वचितच पोहोचतो, कोविडचाही क्वचितच. बाळाला त्रास होतो तो बहुतेक आईच्या आजारातून: तिचा ताप, तिचा कमी झालेला ऑक्सिजन, त्यातून वेळेआधी सुरू झालेल्या कळा. कोविडमध्ये काही जणींच्या वारेलाच सूज आल्याचं आढळलं, आणि गर्भातच बाळ दगावण्याचं प्रमाण, विशेषतः डेल्टाच्या लाटेत, वाढलेलं दिसलं. बाळाला वाचवायचं म्हणजे आधी आईला आजारी पडू द्यायचं नाही, आणि पडलीच तर तिच्यावर पुरेसे उपचार करायचे.

घरात नेमकं काय करायचं? सगळं पुसत बसायचं का?

सगळ्यात आधी हवेचं बघा. हे विषाणू बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडतात आणि बंद खोलीत धुरासारखे साठतात. शेजारी कोणी विडी ओढली तर धूर तुमच्यापर्यंत किती येईल, हा अंदाज धरून चाला. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की वारा आरपार जातो आणि तो धूर निघून जातो. खिडकी नसेल तर हेपा फिल्टर असलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र मदत करतं. बंद खोलीत एसी लावून सगळे एकत्र झोपत असतील आणि त्यातला एक खोकत असेल, तर नुसतं हात धुऊन फारसं साधत नाही.

घरात कोणी आजारी पडलं तर त्याला वेगळी खोली द्या. तेवढी जागा नसते अनेकांकडे, अशा वेळी निदान झोपायच्या जागांत अंतर ठेवा, खिडक्या उघड्या राहू द्या, आणि त्याची सुश्रूषा गरोदर बाईने न करता दुसऱ्या कोणीतरी करावी. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करते, कारण घरातल्या आजाऱ्याचं सगळं करायचं ते आठव्या महिन्यातल्या बाईनेच, असं अजूनही कितीतरी घरांत गृहीत धरलं जातं.

मोठं मूल शाळेत किंवा पाळणाघरात जात असेल तर विषाणू घरात येण्याचा तो हमरस्ता असतो. त्याला दूर लोटणं कोणालाच जमत नाही, जमूही नये. घरी आल्याआल्या हात धुणं, कपडे बदलणं, त्याचं उष्टं न खाणं, त्याचा चमचा किंवा पाण्याची बाटली न वापरणं आणि पापा घ्यायचा तर डोक्यावर घेणं, एवढं मात्र होतं.

पृष्ठभागांचं म्हणाल तर कोविडसाठी त्यांचा फार बाऊ झाला होता. आरएसव्हीचं, म्हणजे तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकांना त्रास देणाऱ्या विषाणूचं, मात्र वेगळं आहे. तो टणक पृष्ठभागांवर काही तास टिकतो आणि हातांवरून नाका-डोळ्यांत जातो. बाळाची खेळणी, दाराच्या मुठी आणि मोबाइल रोज पुसलेले बरे. हात साबणाने २० सेकंद धुवावेत. साबण-पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर चालतं.

मास्कमुळे बाळाला ऑक्सिजन कमी पडतो का?

नाही. ऑक्सिजनचे रेणू मास्कमधून सहज आरपार जातात. गरोदरपणात एरवीही धाप लागते, त्यामुळे मास्कमध्ये गुदमरल्यासारखं वाटू शकतं. तसं वाटलं तर उघड्या हवेत जाऊन दोन मिनिटं मास्क काढा. दवाखान्याची प्रतीक्षाखोली, लिफ्ट, गर्दीची बस अशा ठिकाणी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ सगळ्यात उपयोगी. कापडी मास्क त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला मात्र मास्क कधीही लावू नका, त्याचा श्वास कोंडू शकतो.

गरोदरपणात लस घेतली तर चालते का?

चालते, आणि घ्यावी. मला विचाराल तर या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

फ्लूची टोचून देतात ती लस निष्क्रिय विषाणूंपासून बनवलेली असते. ती गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वोच्च प्राधान्य द्यायला सांगितलं होतं. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून मागच्या बाळंतपणात घेतलेली लस या वेळी पुरत नाही. नाकात फवारायची फ्लूची लस मात्र जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ती गरोदरपणात देत नाहीत.

टोचून देतात त्या लसीचा दुहेरी फायदा आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळायचा मार्ग म्हणजे आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं), जी वारेतून बाळाकडे जातात. शेवटच्या तीन महिन्यांत ही ये-जा सगळ्यात जोरात असते. पोटात असताना आई बाळाला जी शिदोरी बांधून देते ती हीच.

आरएसव्हीची लस याच विचारातून बनली. आरएसव्ही मोठ्या माणसाला साधं सर्दी-पडसं देऊन सोडतो, पण तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवतो. जगभरात दरवर्षी पाच वर्षांखालची १ लाखाहून अधिक मुलं त्याने दगावतात आणि त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांहून लहान असतात. गरोदर स्त्रियांना द्यायच्या लसीला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिथे ती ३२ ते ३६ आठवड्यांत देतात, जागतिक आरोग्य संघटना २८ आठवड्यांपासून पुढे द्यायला सांगते. प्रतिपिंडं तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून अगदी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. ही लस घेता आली नाही तर जन्मानंतर बाळाला निर्सेव्हिमॅबसारखं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देण्याचा पर्याय आहे. दोन्हींपैकी एक पुरतं, सहसा दोन्ही लागत नाहीत.

कोविडच्या लसीबाबत देशोदेशीचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा तुमच्याकडे सध्या काय सुरू आहे ते डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना प्राधान्य गटात धरते. या लसीने वंध्यत्व येतं किंवा गर्भपात होतो ही अफवा फार पसरली होती. लाखो गरोदर स्त्रियांनी ती घेतल्यानंतर जी माहिती गोळा झाली, तिच्यात असं काही आढळलं नाही.

जाता जाता डांग्या खोकल्याबद्दल. तो विषाणूने नाही, जिवाणूने होतो, पण तान्ह्या बाळाला तितकाच घातक. त्याची लस अनेक देशांत प्रत्येक गरोदरपणात, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत देतात. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी मात्र जिवंत विषाणूंच्या आहेत, त्या गरोदरपणात घेत नाहीत. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर त्या आधी घेऊन टाका आणि मग निदान महिनाभर थांबा.

लसीनंतर ताप आला तर?

दंड दुखणं, कणकण, एखाद-दोन दिवस अंगदुखी हे अपेक्षितच आहे. पॅरासिटामॉल घ्या.

पॅरासिटामॉल घेऊ का? घरचे नको म्हणतात.

घ्या. गरोदरपणात ताप आणि अंगदुखीसाठी पहिलं औषध तेच आहे. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की तो उतरवणं बाळाच्याच हिताचं असतं. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. लागेल तेवढंच घ्यावं आणि लागेल तेवढेच दिवस. एक गोष्ट नक्की तपासा: सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. दोन्ही एकदम घेतल्या की नकळत डोस दुप्पट होतो.

आयबुप्रोफेन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नकोत. विसाव्या आठवड्यानंतर तर नकोतच, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या धोक्यासाठी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. ते गणित वेगळं आहे.

फ्लूवर आणि कोविडवर वेगळं औषध असतं का? गरोदरपणात चालतं?

असतं आणि चालतं, फक्त वेळेवर सुरू व्हायला हवं. फ्लूवर ऑसेल्टामिव्हिर गरोदर आणि पाजत्या दोघींनाही देतात. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. दाट शंका असेल तर डॉक्टर तपासणीचा अहवाल येण्याआधीच ते सुरू करतात. कोविडवर निर्मॅट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर गरोदरपणात देता येतं, पण ते इतर बऱ्याच औषधांशी झगडतं, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा. मोल्नुपिराव्हिर गरोदरपणात देत नाहीत. अँटिबायोटिक जिवाणूंसाठी असतात, विषाणूवर त्यांचा काही परिणाम नाही. न्यूमोनियात जिवाणूंची भर पडली तरच त्या लागतात.

हे ४८ तास मला फार जवळचे वाटतात. माझ्या पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात मी तीन दिवस ‘आज उतरेल, उद्या उतरेल’ करत घरी पडून होते. औषधाने बाळाला काही होईल ही भीती इतकी मोठी होती की तापाने काय होईल याचा विचारच मनात आला नाही. चौथ्या दिवशी जिना चढताना उभं राहवेना तेव्हा नेलं. आम्ही दोघं नीट राहिलो, पण पहिल्याच संध्याकाळी फोन केला असता तर ते चार दिवस वाचले असते. म्हणून सांगते, लक्षणं दिसली त्याच दिवशी फोन करा. ‘अगदीच काही नाही’ असं निघालं तर उत्तम.

घरी ऑक्सिमीटर ठेवावा का? किती आकडा चालतो?

जमलं तर ठेवावा. गरोदरपणात आकडा ९५ किंवा त्याहून वर असायला हवा. इतरांना ९४ वर घरी थांबवतात, गरोदर बाईला नाही, कारण बाळाला तिच्याच रक्तातून ऑक्सिजन मिळतो. मोजताना नखांवर नेलपॉलिश नको, हात गार नको, आणि बोट एक मिनिट स्थिर ठेवा. एक माहीत असू द्या: सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं. आकडा चांगला आहे पण धाप लागतेय, असं असेल तर धापेवर विश्वास ठेवा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचं?

बसल्याजागी धाप लागत असेल, एक वाक्य पुरं बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, गोंधळल्यासारखं होत असेल किंवा गुंगी येत असेल, तर निघाच. पॅरासिटामॉल घेऊनही ताप उतरत नसेल, पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी होत असेल, तरीही. एका पायाच्या पोटरीत दुखून सूज आली तर रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात तो धोका एरवीही असतो आणि कोविड त्यात भर घालतो. याच कारणासाठी आजारपणातही अधूनमधून खोलीतल्या खोलीत चाला आणि पाणी भरपूर प्या.

आणि बाळाची हालचाल. साधारण २८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींची एक लय तुम्हाला ओळखीची झालेली असते. ती मंदावली असं वाटलं तर ‘मी आजारी आहे म्हणून तेही थकलं असेल’ असं मनाचं समाधान करून घेऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा यांनाही हेच लागू.

छातीचा एक्स-रे काढायला सांगितला आहे. काढू का?

काढा. छातीच्या एक्स-रेतून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचणारी किरणं इतकी नगण्य असतात की न्यूमोनिया ओळखू न येण्याचा धोका त्यापुढे कितीतरी मोठा ठरतो. गरोदर आहात हे तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगा.

वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, काढे?

गुळण्यांनी घसा शेकतो आणि सलाइनच्या थेंबांनी नाक मोकळं होतं. दोन्ही निर्धोक. वाफेने तात्पुरतं बरं वाटतं, विषाणू मरत नाही. पुढे आलेलं पोट आणि खाली उकळतं पाणी ही जोडी बरी नाही, भाजल्याचे प्रसंग घडतात. गरम पाण्याने अंघोळ करतानाची वाफ पुरते.

काढे आणि वनौषधी ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित धरू नका. काही वनस्पतींनी गर्भाशय आकुंचन पावतं, काहींनी रक्तदाब वाढतो, आणि तयार मिश्रणात काय किती आहे हे कळायला मार्ग नसतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांचंही तसंच. जीवनसत्त्व अ मोठ्या मात्रेत गर्भाला अपाय करतं.

संसर्गाच्या भीतीने तपासण्या पुढे ढकलू का?

नको. रक्तदाब, साखर, बाळाची वाढ यांतलं काहीतरी निसटणं हा मोठा धोका आहे. तुम्हालाच ताप-खोकला असेल तर आधी फोन करून जा, म्हणजे तुम्हाला वेगळी वेळ देता येईल.

प्रसूतीच्या वेळीच मी पॉझिटिव्ह असले तर? सिझेरियन करावं लागेल का?

नुसत्या संसर्गासाठी सिझेरियन करत नाहीत. त्याचा निर्णय एरवीच्याच कारणांवर होतो. नाळ थोडी उशिरा कापणं, बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवणं, तासाभरात पाजायला घेणं, हे सगळं मास्क लावून करता येतं. बाळाला सरसकट वेगळं ठेवण्याची गरज नाही. कोविडच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी तसं केलं गेलं, पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०२० पासूनच आई-बाळ एकत्र ठेवण्याचा आहे. आईची तब्येत फार खालावली असेल तर गोष्ट वेगळी.

मला फ्लू किंवा कोविड झाला आहे. बाळाला अंगावर पाजू का?

हो, पाजा. फ्लू आणि कोविड दुधातून पसरत नाहीत. बाळाला लागण होते ती तुमच्या श्वासातून आणि हातांतून. ते दोन मार्ग आवरा: घेण्याआधी हात धुवा, नाक-तोंड झाकणारा मास्क लावा, खोकला आला तर तोंड फिरवा, खोलीत हवा खेळती ठेवा. पाजून झाल्यावर बाळ दुसऱ्या निरोगी माणसाकडे देता आलं तर द्या. स्तन दर वेळी धुवायची गरज नाही, त्यावरच खोकला-शिंक उडाली असेल तर साबणाने धुवा.

आता विचार करा की पाजणं थांबवलं तर काय होतं. तुम्हाला लक्षणं दिसायच्या आधीच एक-दोन दिवस तुम्ही विषाणू सोडत होतात आणि बाळ तुमच्या कुशीतच होतं. म्हणजे संपर्क होऊन गेलेला आहे. त्यानंतर तुमचं शरीर त्याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती दुधात उतरतात. ती बाळाच्या नाका-घशाच्या अस्तरावर पसरतात, नेमकी विषाणू शिरतो तिथे. ऐन गरजेच्या वेळी ही रसद तोडायची आणि वर तुम्हाला दूध साठून गाठी होणार. ही दोन्ही बाजूंनी नुकसानीची गोष्ट आहे.

उठायचीही ताकद नाही. मग दूध कसं टिकवायचं?

आडवं पडून, कुशीवर पाजता येतं. बाळाला जवळ आणून द्यायला आणि नंतर उचलून न्यायला कोणीतरी हवं. तापाच्या गुंगीत बाळाला कुशीत घेऊन झोपी जाणं धोक्याचं आहे. तेही जमत नसेल तर हाताने किंवा पंपाने दूध काढा, नवजात बाळ जितक्या वेळा पितं तितक्या वेळा, म्हणजे दिवसरात्रीत ८ ते १० वेळा तरी. काढलेलं दूध निरोगी माणसाने पाजावं. पंपाचे भाग प्रत्येक वेळी वेगळ्या टोपात धुवा, भांड्यांच्या सिंकमध्ये नुसते टाकून नको.

ताजं काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, त्याहून गरम असेल तर लवकर वापरा. फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये सुमारे ६ महिने. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका.

आजारपणात दूध कमी झाल्यासारखं वाटतं. पाणी कमी पोटात जातं, झोप होत नाही, बाळालाही नाक चोंदल्याने ओढता येत नाही. बरं वाटू लागलं की वारंवार पाजलं तर ते बहुधा पूर्ववत होतं. एक चूक मात्र टाळा: नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रीन असलेली गोळी. तिने दूध खरोखर घटतं.

पाजताना आणखी कोणती औषधं चालतात?

गरोदरपणापेक्षा इथे मोकळीक जास्त आहे. पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेनही चालतं. खोकल्याच्या ज्या औषधात कोडीन असतं ते नको, काही जणींच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने बनतं आणि दुधातून बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. मोल्नुपिराव्हिर इथेही टाळतात. औषध लिहून घेतानाच ‘मी पाजते आहे’ हे सांगा. ‘औषध सुरू आहे म्हणून पाजणं बंद’ असा सल्ला मिळाला तर पाजताना चालेल असं दुसरं औषध आहे का, हे एकदा विचाराच. बहुतेक वेळा असतं. फ्लू आणि कोविडच्या लसी पाजत्या आईला घेता येतात, त्यानंतर दूध काढून टाकून द्यायचं काही कारण नाही.

बाळ बघायला येणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

स्पष्ट म्हणा. सर्दी असलेल्या माणसाने तान्ह्या बाळाजवळ येऊ नये, मग ती सर्दी कितीही ‘साधी’ असो. मोठ्यांची साधी सर्दी हाच बाळाचा आरएसव्ही असू शकतो. जे येतील त्यांनी हात धुवावेत, बाळाच्या तोंडाचे आणि हातांचे पापे घेऊ नयेत, बाहेरून धूम्रपान करून आल्या आल्या बाळाला घेऊ नये. घरात रोज वावरणाऱ्या प्रत्येकाने फ्लूची लस घेतलेली असावी. वाईटपणा घ्यायचं काम आईवर टाकू नका. दारात उभं राहून ‘सध्या नको’ म्हणणं हे बाळाच्या वडिलांचं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचं काम आहे, आणि त्यांनी म्हटलेलं लोक ऐकतातही.

बाळाला लागण झाली हे कसं ओळखायचं?

तान्ह्या बाळात खोकला-ताप दिसेलच असं नाही. ते आधी प्यायचं कमी करतं. नेहमीच्या निम्म्यावर आलं, ओले होणारे लंगोट कमी झाले, पाजताना सारखं सोडून धापा टाकू लागलं, तर दाखवा. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश किंवा वर गेला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, त्याच वेळी न्यायचं.

श्वास बघायला कपडे काढा. नुसतं ऐकून कळत नाही. दर श्वासाला बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, कण्हल्यासारखा आवाज येतो का, ते बघा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून, ते शांत असताना मोजा. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, आणि दुसऱ्यांदाही तितकेच भरले तर निघा. मध्येच श्वास थांबला, ओठ निळे पडले किंवा बाळ उठवूनही उठेना, तर मोजत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा.